बुद्धिबळाच्या पटावरची ती संख्या आतून कशी आहे

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. राजा खेळावर खूश होतो, ‘काय हवं ते माग’ म्हणतो. खेळ शोधणारा मागतो पहिल्या घरासाठी गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजाची कोठारं रिकामी होतात आणि गोष्ट संपते. गोष्ट सांगणारे दाण्यांची ती एकूण संख्या उच्चारतात, ऐकणारे ‘बाप रे’ म्हणतात, आणि विषय तिथेच राहतो. हा लेख त्या संख्येबद्दल आहे. ती प्रचंड आहे हे तिच्याबद्दल सांगण्यासारखं सगळ्यात साधं. तिची आतली घडण त्याहून कितीतरी सुंदर आहे.

ती संख्या अशी: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वीस अंकी.

ती येते कशी हे आधी पाहू. बेरीज आहे १ + २ + ४ + ८ + … आणि शेवटचं पद २ चा ६३वा घात. या बेरजेची दुप्पट केली तर २ + ४ + ८ + … + २ चा ६४वा घात मिळतो. दुपटीतून मूळ बेरीज वजा करा. मधली सगळी पदं एकमेकांना कापतात, उरतं फक्त ‘२ चा ६४वा घात वजा १’. म्हणजे प्रत्येक घरात त्याआधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा एक दाणा जास्त असतो.

आकाराबद्दल दोन वाक्यं. गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम धरले, तर हा ढीग सुमारे ७३,८०० कोटी टनांचा होतो. आज सगळ्या जगात वर्षाला अंदाजे ८० कोटी टन गहू पिकतो, म्हणजे नऊशे वर्षांहून जास्त काळाचं पीक. आणि फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८८३ मध्ये ‘हनोईचा मनोरा’ हे चकत्यांची चळत एका खुंटीवरून दुसरीवर नेण्याचं कोडं आणलं, त्यात ६४ चकत्या हलवायला किमान एवढ्याच चाली लागतात. सेकंदाला एक चाल केली तरी त्याला सुमारे ५८,४५० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे.

कॅल्क्युलेटर नसताना लोकांनी ही संख्या काढली कशी? मध्य आशियातला विद्वान अल् बिरूनी याने इ.स. १०००च्या सुमारास ती शेवटच्या अंकापर्यंत बरोबर लिहून ठेवली आहे. चौसष्ट वेळा दुप्पट करायची गरजच नसते. २ चा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, त्याचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६, आणि आणखी एकदा वर्ग केला की २ चा ६४वा घात समोर उभा. सहा गुणाकार, बस्स.

ही युक्ती भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) नियम म्हणून सांगितलेली आहे. घातांक सम असेल तर निम्मा करा आणि ‘वर्ग’ असं लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुणक’ लिहा. शून्यापर्यंत पोहोचलात की शेवटाकडून उलटं वाचत गणित करा. नियमासोबत उदाहरणही आहे, आणि ते आपल्या पटाच्या गोष्टीचंच भावंड आहे. एका माणसाने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचं वचन दिलं, तर महिन्याभरात त्याने किती निष्क दिले? कवड्या होतात २,१४,७४,८३,६४६. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. हिशेब केला की उत्तर येतं १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या आणि ६ कवड्या. त्याच ग्रंथात संख्यांच्या स्थानांची नावं परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत दिली आहेत. पटावरची आपली संख्या त्याच्याही पुढे जाते, ती १८४ परार्धांच्या वर आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. घातांक निम्मा करत जाण्याची ही रीत तिथे नक्कीच घोटली गेली असणार.

आता संख्या फोडू. एखादी संख्या समजून घ्यायची तर तिचे मूळ अवयव काढावेत, म्हणजे ज्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून ती बनली आहे त्या शोधाव्यात. वीस अंकी संख्येचे अवयव हाताने काढणं हे एरवी भयंकर काम आहे. शेवटी ५ आहे म्हणून ५ ने भाग जाणार. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ ने जाणार पण ९ ने नाही. शाळेतल्या कसोट्या इथेच थकतात. पण ही संख्या आपल्याला स्वतःच वाट दाखवते.

आठवीतलं सूत्र घ्या: अ चा वर्ग वजा ब चा वर्ग म्हणजे (अ + ब) × (अ − ब). आपली संख्या ‘४,२९,४९,६७,२९६ चा वर्ग वजा १’ आहे, आणि १ हा १ चाच वर्ग. म्हणून ती ४,२९,४९,६७,२९७ × ४,२९,४९,६७,२९५ अशी फुटते. यातला दुसरा अवयव पुन्हा ‘६५,५३६ चा वर्ग वजा १’ आहे, म्हणून ६५,५३७ × ६५,५३५. तो ६५,५३५ म्हणजे २५७ × २५५. मग २५५ म्हणजे १७ × १५. आणि १५ म्हणजे ५ × ३. घातांक ६४ हा स्वतःच दोनाचा घात असल्यामुळे तो सारखा निम्मा होत राहतो आणि प्रत्येक पायरीला एक अवयव हातात पडतो. कागदाच्या एका बाजूवर सगळं मावतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

हे सहा अवयव नीट पाहा. प्रत्येक जण मघाच्या वर्ग करत जाण्याच्या साखळीतल्या एकेका संख्येपेक्षा एकने जास्त आहे: २ + १, ४ + १, १६ + १, २५६ + १ आणि पुढे तसंच. यांना फर्मा संख्या म्हणतात. पिएर द फर्मा हा फ्रान्समधला न्यायाधिकारी आणि विलक्षण गणिती. १६४० मध्ये त्याने पत्रातून आपली समजूत कळवली की या प्रकारच्या सगळ्याच संख्या मूळ असतात. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पाचही मूळ आहेतच. सहावी, ४,२९,४९,६७,२९७, हीसुद्धा मूळ असणार असं त्याला वाटत होतं. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती.

जवळजवळ शतकभर हा दावा तसाच राहिला. १७३२ मध्ये लेओनार्ड ऑयलरने दाखवलं की ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने भाग जातो:

६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७.

गुणाकार करून पाहणं सोपं आहे, पण त्याने समाधान होत नाही. ६४१ च का? भागाकार न करता हे पटवून देणारी एक छोटी सिद्धता आहे, आणि ती मला या सगळ्या विषयातली सगळ्यात देखणी वाटते. ६४१ ही संख्या दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक, ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. दोन, ६४१ = ६४० + १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात.

पहिली तऱ्हा २ च्या २८व्या घाताने गुणा. मिळतं: (५ चा चौथा घात × २ चा २८वा घात) + २ चा ३२वा घात. याला ६४१ ने भाग जाणारच, कारण आपण ६४१ लाच गुणलं आहे.

दुसऱ्या तऱ्हेतल्या ६४० चा चौथा घात घ्या, तो होतो ५ चा चौथा घात × २ चा २८वा घात. त्यातून १ वजा करा. ‘६४० चा चौथा घात वजा १’ पुन्हा वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्राने फुटतो आणि त्यात ६४० + १ हा अवयव असतो. म्हणजे यालाही ६४१ ने भाग जातो.

आता पहिल्यातून दुसरं वजा करा. मोठा तुकडा दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे कापला जातो. उरतं २ चा ३२वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. दोन संख्यांना ६४१ ने भाग जात असेल तर त्यांच्या वजाबाकीलाही जातो. झालं.

पण ऑयलरला ६४१ ची सिद्धता करायची नव्हती, त्याला आधी ६४१ सापडायला हवी होती. ती एकशेसोळावी मूळ संख्या आहे. दोन सोडून सरळ ओळीने भाग देत गेलं तर एकशेपंधराव्या भागाकाराला यश येतं. ऑयलरची वाट मात्र कितीतरी जवळची होती. त्यासाठी बाक्यांकडे पाहावं लागतं.

एखादी विषम मूळ संख्या घ्या, समजा ७. दोनाच्या घातांना ७ ने भागत जा आणि बाक्या लिहा: २, ४, १, २, ४, १… घड्याळाचा काटा जसा बारापर्यंत जाऊन पुन्हा एकवर येतो, तशा बाक्या फिरून फिरून १ वर येतात. ७ साठी हा फेरा तीन पावलांचा आहे, १३ साठी बारा पावलांचा. आपल्या संख्येला कोणत्या मूळ संख्येने भाग जाईल? जिच्या फेऱ्यात चौसष्टाव्या पावलाला बरोबर १ येतो तिनेच. म्हणजे फेऱ्याची लांबी ६४ ला विभागणारी हवी: २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. म्हणूनच ७, ११, १३, ३१ यांपैकी कोणाचाच भाग जात नाही. त्यांचे फेरे अनुक्रमे ३, १०, १२ आणि ५ पावलांचे. याउलट ३ चा फेरा २ पावलांचा, ५ चा ४, १७ चा ८, २५७ चा १६ आणि ६५,५३७ चा ३२. ३२ पर्यंतच्या प्रत्येक दुपटीला नेमका एक पाहुणा येतो.

समजा ४,२९,४९,६७,२९७ ला कुठल्यातरी मूळ संख्येने भाग जातो. मग बत्तिसाव्या पावलाला बाकी ‘उणे एक’ असणार, कारण त्या बाकीत १ मिळवला की भाग जायला हवा. उणे एकचा वर्ग एक, म्हणून चौसष्टाव्या पावलाला बाकी १. फेरा त्याआधी संपू शकत नाही: ६४ पेक्षा लहान असा ६४ चा प्रत्येक विभाजक ३२ लाही विभागतो, आणि मग बत्तिसाव्या पावलालाच १ आला असता. तेव्हा फेरा बरोबर ६४ चा. दुसरीकडे एक जुना नियम सांगतो की कोणत्याही विषम मूळ संख्येसाठी, तिच्याहून एक कमी इतकी पावलं टाकली की बाकी १ वर येतेच. दोन्ही गोष्टी जुळायच्या तर ती मूळ संख्या वजा १ ही ६४ च्या पटीत हवी.

म्हणजे उमेदवार कोण? ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१… यांतल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नाला दार उघडतं. आणि तो ‘जुना नियम’ म्हणजे फर्माचाच प्रमेय, त्याच १६४० सालच्या पत्रव्यवहारातला. आपला अंदाज खोटा पाडण्याची किल्ली त्याच्याच हातात होती, आणि तो पाच भागाकारांच्या अंतरावर उभा होता. हे वाचलं की मला अजूनही हळहळ वाटते.

६७,००,४१७ ही मूळ संख्या आहे, त्यामुळे फोड इथे पूर्ण होते. सात मूळ अवयव, प्रत्येक जण एकदाच: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७, ६७,००,४१७. विभाजक मोजायचे तर प्रत्येक अवयव घ्यायचा की नाही असे दोन पर्याय, सात वेळा, म्हणून एकूण १२८ विभाजक. त्यांच्या जोड्या लावल्या, ज्यांचा गुणाकार पूर्ण संख्या होईल अशा, तर जोड्या होतात चौसष्ट. पटावरच्या घरांइतक्याच.

आणखी एका ठिकाणी ही संख्या अनपेक्षितपणे भेटते. पास्कलचा त्रिकोण म्हणून ओळखली जाणारी रचना आपल्याकडे पिंगलाच्या छंदःसूत्रांवरच्या हलायुधाच्या टीकेत मेरुप्रस्तार म्हणून येते. वर १, मग १ १, मग १ २ १, मग १ ३ ३ १, खालचा प्रत्येक आकडा वरच्या दोघांची बेरीज. यात विषम आकड्याच्या जागी १ आणि सम आकड्याच्या जागी ० लिहा. ओळी होतात १, ११, १०१, ११११, १०००१, ११००११. त्या द्विमान पद्धतीतल्या, म्हणजे जिथे प्रत्येक स्थानाची किंमत उजवीकडच्या स्थानाच्या दुप्पट असते तशा, संख्या म्हणून वाचा: १, ३, ५, १५, १७, ५१… पहिल्या चौसष्ट ओळींतली प्रत्येक संख्या आपल्या संख्येचा विभाजक असते, आणि चौसष्टाव्या ओळीत सलग चौसष्ट एक येतात. ती ओळ म्हणजे खुद्द आपली संख्या. १२८ पैकी ६४ विभाजक असे मेरूतून मिळतात. उरलेल्या ६४ मध्ये ६४१ आणि ६७,००,४१७ यांची ताटातूट झालेली असते, आणि ती मेरूला दिसत नाही.

पहिल्या बत्तीस ओळींना तर भूमितीतही स्थान आहे. कार्ल फ्रीडरिक गाउस १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पट्टी आणि कंपासने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे शोधून काढतो. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. अशा माहीत असलेल्या संख्या एकतीस आहेत, म्हणजे मेरूच्या बत्तीस ओळींतली पहिली सोडून बाकीच्या. सगळ्यात मोठी ४,२९,४९,६७,२९५. फर्माचा अंदाज खरा ठरला असता तर आपली वीस अंकी संख्याही या यादीत बसली असती. ६४१ आडवी आली.

सलग चौसष्ट एक म्हटलं की संगणकाचं काम करणाऱ्यांना ही संख्या लगेच ओळखू येते. ६४ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या ६४ खणांच्या जागेत उणे चिन्हाविना मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या हीच. तिच्यात १ मिळवला की जागा संपते आणि ० येतो. बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम पटाच्या प्रत्येक घराला एक बिट देतात. सुरुवातीची पांढरी प्यादी कुठे आहेत ही माहिती मग एका संख्येत मावते, ६५,२८० मध्ये. चौसष्टही घरं भरली तर होणारी संख्या ही दाण्यांचीच. तिला ३ ने, ५ ने आणि १७ ने भागून येणारे भागाकारही रोज वापरात आहेत. द्विमानात ते ०१०१…, ००११००११… आणि ००००११११… असे दिसतात, आणि ६४ बिटांच्या एखाद्या संख्येत किती बिट १ आहेत हे चटकन मोजायच्या रीतीत तेच गाळणी म्हणून लागतात.

आपल्या संख्येच्या अवयवांतला ६५,५३७ तर तुमच्या फोनपर्यंत पोहोचला आहे. सुरक्षित जोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या आरएसए पद्धतीत शेकडो अंकी संख्यांचे घात घ्यावे लागतात, आणि सार्वजनिक घातांक म्हणून बहुतेक ठिकाणी ६५,५३७ च निवडलेला असतो. द्विमानात त्याच्यात दोनच एक आहेत. ‘लीलावती’तला नियम लावा: विषम, म्हणून एकदा ‘गुणक’, मग ६५,५३६ सोळा वेळा निम्मा होतो, म्हणून सोळा ‘वर्ग’. सतरा गुणाकारांत काम होतं. यंत्रंही घातांक निम्मा करत जाण्याच्या याच मार्गाने चालतात.

आपल्या संख्येहून फक्त दोनने मोठी संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७ ही पुढची फर्मा संख्या आहे. वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र तिला लागू होत नाही, म्हणून दोन पावलांवर असूनही ती कितीतरी चिवट. थॉमस क्लाउसेनने १८५५ मध्ये गाउसला लिहिलेल्या पत्रात तिचे अवयव दिले होते, पण ते पत्र फार उशिरा उजेडात आलं. छापील उत्तर फॉर्च्युने लँड्रीने १८८० मध्ये दिलं: २,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. फर्मा संख्यांना शून्यापासून क्रमांक दिले तर पाचवीपासून बत्तिसावीपर्यंत एकही मूळ नाही हे आज ठाऊक आहे. तेहतिसावी अडून आहे. तिच्यात २५८ कोटींहून जास्त अंक आहेत, तिचा एकही अवयव सापडलेला नाही आणि ती मूळ आहे की संयुक्त हेही ठरलेलं नाही. फेऱ्यांचा तोच युक्तिवाद थोडा पुढे नेला तर एवढं नक्की सांगता येतं की तिचा मूळ अवयव असलाच, तर तो ३४,३५,९७,३८,३६८ च्या कुठल्यातरी पटीपेक्षा एकने जास्त असेल.